वरच्याची गॅरंटी

महाडच्या बाजारपेठेत एक कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्या दुकानासमोरून मी तीन वर्षं गेलो नव्हतो. त्या बाजूला काम निघालंच, तर मासळीवाल्यांच्या गल्लीतून वळसा घालायचो. पावसाळ्यात त्या गल्लीत घोट्याएवढं पाणी असतं, तरी तिथूनच जायचो. कुणी कारण विचारलं तर सांगायचो. मी मनात ठेवून कुढणारा माणूस नाही. बिरवाडीपासून पोलादपूरपर्यंत माझ्या गाडीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की त्या दुकानदारानं मला फसवलंय.

कसं फसवलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्या बाजूनं असाल.

मी मूळचा कुडपणचा. वर पठारावर आमची थोडी शेती आणि शेळ्या. वडिलांबरोबर बोकड घेऊन पोलादपूरला उतरायचो आणि भाव करायला तिथंच शिकलो. आमच्याकडे जनावराचा सौदा ठरला की काम संपत नाही. मग दाव्याचा सौदा सुरू होतो. बोकडाबरोबर दावं द्यायचं की सोडून घ्यायचं? वडील दावं कधीच द्यायचे नाहीत. पैसे बोकडाचे घेतले, दाव्याचे नाही, असं म्हणून शांतपणे गाठ सोडायचे आणि दोरी खांद्यावर टाकायचे. पुढं मी घेणाऱ्याच्या बाजूला आलो, तेव्हा ठरवूनच टाकलं की दावं घेतल्याशिवाय उठायचं नाही. जीपवर क्लीनर होतो, मग ड्रायव्हर झालो, मग एक जुनी जीप घेतली, आणि आज बिरवाडीत माझं घर आणि दोन मिनीबस आहेत. सकाळच्या पाळीला पोलादपूरहून माणसं भरायची, औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या गेटवर सोडायची आणि पाळी सुटली की परत न्यायची. यातलं काहीही मला कुणी दिलेलं नाही. भाजीवर लोक कोथिंबीर मागतात. मी टायरवर ट्यूब मागून घेतली आहे.

कारखान्यांनी कागद मेलवर मागायला सुरुवात केली, तेव्हा लॅपटॉप घ्यायला मी त्या दुकानात गेलो. दुकानात छातीच्या खाली एकही वस्तू ठेवलेली नाही. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आहे आणि सगळा माल तिच्या वर. मी बसल्या बसल्या तिथूनच सुरुवात केली, की हा लॅपटॉप भिजलेला तर नाही? माणूस सज्जन होता, तो हसला. मी हसलो नाही. चार तास बसलो. दोनदा उठून दारापर्यंत गेलो आणि दोनदा त्यानं परत बोलावलं. शेवटी किंमत ठरली, आणि मग मी दाव्याकडं वळलो. वर काय?

त्यानं बॅग दिली. मी म्हटलं, आणि? त्यानं माऊस दिला. आणि? तो म्हणाला, प्रोग्राम टाकून देतो, गाण्यांचा, फोटोंचा, हिशेबाचा. मी म्हटलं, असतील नसतील तेवढे टाका. त्यानं खरंच टाकले. बुद्धिबळ टाकलं, पत्रिका बघायचा टाकला, इंग्रजी टायपिंग शिकायचा टाकला. हिशेबाचा एकच टाकल्यावर मी विचारलं, दुसरा नाही का? तो म्हणाला, दुसरा आहे पण तीस दिवस चालतो, मग बंद पडतो. तीस तर तीस, म्हटलं, टाका. मी दुकानातून बाहेर पडलो तेव्हा मला बोकड, दावं आणि दाव्याच्या टोकाला आणखी एक करडू मिळाल्यासारखं वाटत होतं.

महिन्याभरात माऊस बंद पडला.

मी तो घेऊन गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. माऊस काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, बदलून द्या. त्यानं पावती मागितली. पावतीवर लॅपटॉप होता, माऊस नव्हता. तो अगदी शांतपणे म्हणाला, “शेठ, विकत घेतलेल्या वस्तूला गॅरंटी असते. वरच्याला नसते.”

ती दोन गिऱ्हाइकं हसली. त्यातला एक माझ्या ओळखीचा निघाला, म्हणजे संध्याकाळपर्यंत बिरवाडीत ही गोष्ट माझ्याआधी पोचणार होती. मी माऊस तिथंच ठेवून निघालो, जाताना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर तीन वर्षं मी लॅपटॉपवर बोटानं घासून काम करत होतो. हा माणूस नवा माऊस विकत घेईल, असं ज्यांना वाटलं असेल त्यांनी मला ओळखलेलं नाही.

आता त्या दिवसाकडं येतो.

कारखान्यात नवा मॅनेजर आला होता. जुन्या मॅनेजरबरोबर माझं काम तोंडी चालायचं. वर्ष संपलं की मी जायचो, आम्ही तासभर भांडायचो, चहा यायचा आणि माझ्या गाड्या पुढच्या वर्षी चालू राहायच्या. नव्याला भांडायला वेळ नव्हता. त्यानं फॉर्म काढला. तो मेलवर येणार, त्यातच भरायचा, मेलवरच परत पाठवायचा, त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. नाही आला तर गाडीचं काम पनवेलच्या एका मोठ्या कंत्राटदाराकडं. माझी पहिली बस त्याच एका कारखान्यावर चालते. तिच्यावरचा ड्रायव्हर माझ्याकडं नऊ वर्षं आहे. रोज पहाटे पोलादपूरच्या थांब्यावर बावीस माणसं तिची वाट बघत उभी असतात. पनवेलवाला पोलादपूरपर्यंत गाडी आणणार नव्हता, महाडहूनच उचलणार होता, हे मला आधीच कळलं होतं.

साडेअकराला कारखान्यातल्या क्लार्क बाईंचा फोन आला. फॉर्म पाठवलाय, म्हणाल्या. मी मेल उघडला आणि फाईलवर दाबलं. फाईल उतरली, आणि स्क्रीनवर गाण्यांचा प्रोग्राम उघडला. काळा पडदा. खाली शून्य मिनिटं, शून्य सेकंद.

मी वाजवायचं बटण दाबलं. काही झालं नाही. आवाज वाढवून पाहिला.

बायको आतून म्हणाली, “काय लावलाव?”

“कारखान्याचा फॉर्म.”

“मग वाजत का नाय?”

मी पुन्हा उतरवला. पुन्हा काळा पडदा. मी सात वेळा उतरवला. लॅपटॉपनं त्या सातही फाइलींना कंसात नंबर देऊन ओळीनं मांडून ठेवलं, जसे काही मी सात वेगवेगळ्या कारखान्यांचे फॉर्म भरणार होतो. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “काका, ती झिप फाईल आहे. पाच कागद एकत्र बांधून एकच बोचकं केलंय. ते सोडायचं आणि आतला फॉर्म भरायचा.” मी विचारलं, सुटे पाठवाल का? त्या म्हणाल्या, साहेबांनी सगळ्यांना असंच पाठवलंय, एकट्या तुम्हाला वेगळं पाठवलं तर पनवेलवाला बोलेल. हातानं लिहून आणून देऊ? नाही चालणार. मोबाईलवर उघडा, असं त्याच म्हणाल्या. पण मोबाईलवर माझा मेलच नव्हता. पासवर्ड मला ठाऊक नाही. लॅपटॉपला ठाऊक आहे.

बिरवाडीत झेरॉक्सवाल्याकडं एकजण कॉम्प्युटर बघतो. त्यानं दोन मिनिटं पाहिलं आणि निदान केलं की सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल, परवा या. परवापर्यंत पनवेलवाल्याची गाडी रंगवून झाली असती.

घरी आलो तेव्हा अडीच वाजले होते. बायको भांडी विसळत होती. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “महाडला जावा.”

मी म्हटलं, महाडला दुसरा कुणी असेल तर बघतो.

“दुसरा कुनी नाय. तुमाला ठाव हाय.” मग हात पुसत वळली. “तो माऊस मोठा का आपली गाडी मोठी, तेवढा सांगा मला.”

याला उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं, आणि वेळ नव्हता.

तीन वर्षांनी मी बाजारपेठेतून सरळ चालत गेलो. दुकान तसंच होतं, माल तसाच छातीच्या वर. पाण्याच्या रेघेवर तेवढा नवा रंग दिला होता, पण रेघ रंगाखालून दिसत होती. दुकानदारानं मला पाहिलं, बॅग पाहिली. बॅग त्यानंच वर दिलेली होती.

“या शेठ,” तो म्हणाला. “मासळी बाजार बंद आहे वाटतं.”

म्हणजे माझा वळसा त्याला ठाऊक होता. फाईल उघडत नाय, पाच वाजायच्या आत उघडली पायजे, एवढंच मी सांगितलं आणि लॅपटॉप काउंटरवर ठेवला. त्यानं झाकण उघडलं, इकडं तिकडं पाहिलं, आणि वरच्या फळीवरून स्वतःचा एक माऊस काढून जोडला. तेव्हा आम्ही दोघंही त्या माऊसकडं बघत नव्हतो.

त्यानं फाईल उतरवून पाहिली. काळा पडदा, शून्य मिनिटं. मला वाटलं तो हसणार, आणि हसला असता तर मी निघून गेलो असतो, गाडी गेली तरी चालेल. तो हसला नाही. ब्राऊझरच्या सेटिंगमध्ये गेला आणि एक यादी काढली. डावीकडं फाइलींचे प्रकार होते, उजवीकडं त्यांचं काय करायचं ते लिहिलेलं. हा प्रकार उतरवून ठेवा, तो प्रकार इथंच दाखवा. झिपच्या समोर गाण्यांच्या प्रोग्रामचं नाव होतं.

“हे कुणी केलं?”

“तुम्हीच केला असंल,” मी म्हटलं. “सगळा तुम्हीच घातलाव त्यात.”

“प्रोग्राम मी घातला. ही खूण तुमची.” मग त्यानं मला समजावलं. एखाद्या प्रकारची फाईल पहिल्यांदा येते तेव्हा ब्राऊझर विचारतो, हिचं काय करू, कशात उघडू? त्याच्या खाली एक बारीक चौकट असते. यापुढे नेहमी असंच करा. तिच्यात खूण केली की तो पुन्हा विचारत नाही.

हे ऐकलं आणि मला हळद आठवली. पुतण्याच्या हळदीला मुंबईच्या चुलतभावानं गाणी पाठवली होती, चाळीस गाणी एका बोचक्यात. ब्राऊझरनं विचारलं, काय करू? मी गाण्यांचा प्रोग्राम दाखवला. गाणी वाजली. दुसरं बोचकं आलं तर पुन्हा तेच विचारलं. मला एक गोष्ट दोनदा विचारलेली चालत नाही. माझ्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे, एकदा सांगितलं की सांगितलं. तिसऱ्या बोचक्याला मी त्या चौकटीत रागानं खूण केली आणि मनात म्हटलं, आता विचार. त्यानं विचारलं नाही. वर्षभर अगदी हुकमाचा ताबेदार राहिला, आणि कारखान्याचं बोचकंसुद्धा इमानानं गाण्यांच्या प्रोग्रामकडं घेऊन गेला.

हे मी दुकानदाराला सांगितलं नाही. पण तो माझ्याकडं बघत होता, तेव्हा बहुतेक माझ्या तोंडावर सगळी हळद दिसली असावी.

त्यानं ती ओळ बदलली. झिपच्या समोर आता लिहिलं होतं, दर वेळी विचारा. मग बोचकं सोडलं. आत पाच कागद निघाले. त्यातल्या फॉर्मवर त्यानं दाबलं, आणि फॉर्म उघडला. मला बरं वाटलं. तेवढ्यात वर एक पिवळी पट्टी आली. मुदत संपली आहे, फक्त वाचता येईल, बदल करता येणार नाही.

“हा कोण?” मी विचारलं.

“हा तुमचा तीस दिवसांचा.”

मुदत संपूनही तो तीन वर्षं आत बसून होता. नुसता बसला नव्हता, हिशेबाच्या सगळ्या फाइलींवर त्यानं हात ठेवला होता. त्या प्रकारची कुठलीही फाईल आली की आधी त्याच्याकडं जायची आणि तो ती फक्त दाखवायचा. चांगला प्रोग्राम शेजारी रिकामा बसलेला. दुकानदार म्हणाला, याला काढून टाकतो.

मी म्हटलं, काढायचा नाय.

आता लिहिताना मला हे बरोबर वाटत नाही, पण तेव्हा वाटत होतं. दिलेली वस्तू परत घेतात का? आधी हा काढेल, मग पत्रिका काढेल, मग बुद्धिबळ. मी चार तास बसून मिळवलेलं होतं ते. तो म्हणाला, यातलं एक तरी तीन वर्षांत उघडलंत का? मी म्हटलं, उघडला नाय म्हणून काय झाला, हाय ना. तो म्हणाला, हा चालतच नाही. मी म्हटलं, नाय चालला तर नाय चालला, माझा हाय. आवाज वाढला. बाहेरून जाणारा एकजण थांबून आत बघायला लागला. दुकानदारानं मग लॅपटॉप माझ्याकडं वळवला आणि कोपऱ्यातल्या घड्याळावर बोट ठेवलं.

“चार वाजून दहा. शेठ, फॉर्म पाहिजे का हा पाहिजे?”

मला पोलादपूरचा थांबा दिसला. तिथं शेडच्या खांबाला टेकून उभी राहणारी एक बाई आहे, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काम करते. रोज गाडीत चढताना ती ड्रायव्हरला म्हणते, आलास रे बाबा. जसा काही तो एखाद्या दिवशी येणारच नाही.

“दोनी पायजेत,” मी म्हटलं. आवाज मात्र खाली आला होता.

मग त्यानं मधला भाव काढला. ठीक आहे, म्हणाला, राहू दे त्याला आत. पण फाईल त्याच्या हातात द्यायची नाही. फॉर्मवर उजवं बटण दाबलं, कशात उघडायचं ते विचारलं, चांगला प्रोग्राम निवडला. खाली तशीच बारीक चौकट होती. नेहमी यातच उघडा. त्यानं तिच्यात खूण केली.

मी त्याचा हात धरला. “आता कशी चालते खूण? मघाशी माझी चुकली ना?”

“मघाशी बोचक्याला होती. बोचक्यात काय असेल ते आधी कळत नाही, म्हणून त्याला विचारू द्यायचं. हा नुसता हिशेबाचा कागद आहे, तो नेहमी हिशेबातच उघडणार.”

हे मला पटलं. गाडीत बसणाऱ्या नेहमीच्या माणसाला मी कुठं उतरणार विचारत नाही. अनोळखी माणसाला विचारतो.

फॉर्म उघडला, आणि या वेळी पिवळी पट्टी आली नाही. मी भरायला बसलो. दराच्या रकान्यात आकडा घालायची वेळ आली, तेव्हा दुकानदार उठून पाठ करून वरच्या फळीवरची खोकी नीट लावायला लागला. ती आधीच नीट होती. चार वाजून पस्तीस मिनिटांनी फॉर्म गेला. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आला काका, उघडला पण.

मी खिशात हात घातला आणि विचारलं, किती द्यायचे?

“राहू द्या,” तो म्हणाला. “वरचं समजा.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वरचं म्हणजे काय, ते मला याच काउंटरवर उभं राहून कळलं होतं. उद्या ती यादी पुन्हा बिघडली तर हा म्हणणार, वरच्याला गॅरंटी नसते. मी म्हटलं, वरचा नको, पैसे घ्या. तो नाही म्हणाला. मी शंभर काढले. नाही. दोनशे. नाही. दोन मिनिटांचं काम, म्हणाला, तीन वर्षांनी आलात. मी पाचशेवर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव वर चढवत होतो आणि समोरचा शून्यावरून हलत नव्हता. मी दारापर्यंत गेलो. त्यानं परत बोलावलं नाही, नुसता बघत उभा राहिला. मला स्वतःच परत यावं लागलं. एवढा वाईट सौदा मी कुडपणच्या करडासाठीसुद्धा केला नव्हता.

शेवटी मी त्याच्या जोडलेल्या माऊसवर हात ठेवला. “ह्याचा काय भाव?”

त्यानं भाव सांगितला. मी एक रुपया कमी केला नाही. बॅग मागितली नाही, काही मागितलं नाही. पावतीवर फक्त एक ओळ वाढवून घेतली आणि त्यानं ती खाली वाकून, हसू दाबत लिहिली. माऊस, एक वर्षाची गॅरंटी.

घरी बायकोनं विचारलं, झाला काम? झालं, म्हटलं. केवढ्याला? मी माऊसचा भाव सांगितला. तिनं माऊस उलटा करून पाहिला.

“आनि वर काय दिलान?”

“काय नाय,” मी म्हटलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

दहा दिवसांनी कारखान्याचा मेल आला. पुन्हा झिप. ब्राऊझरनं विचारलं, काय करू? खाली ती बारीक चौकट होती. माझ्या माऊसचा बाण तिच्यावर गेला होता, सवयीनं. तो मी मागं घेतला आणि नुसतंच ‘उघड’ म्हटलं. आत पुढच्या वर्षाच्या कामाचं पत्र होतं, गाडी पोलादपूरहूनच सुटणार असं लिहिलेलं. मी ड्रायव्हरला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, मला काय, मी येनारच होतो.

आता त्या दुकानासमोरून मी रोज जातो. दुकानदार आतून हात करतो. आत जायला मला काही कारण नाही. पावती मी गाडीच्या कागदांबरोबर जपून ठेवली आहे आणि आठवड्यातून एकदा माऊस नीट तपासतो, डावं बटण, उजवं बटण, मधलं चाक. गॅरंटीचे आता दोन महिने राहिलेत. साला अजून चालतोय.